निदान मोटारीपुरते

आमच्या घरी मोटार आहे असे सांगितले की लोक ‘कोणती?’ म्हणून विचारतात, आणि ‘स्टँडर्ड हेरल्ड’ हे उत्तर ऐकले की त्यांच्या चेहऱ्यावर दोहोंपैकी एक भाव उमटतो. चाळिशीच्या आतल्यांना हे नाव मोटारीचे आहे की शिलाईच्या यंत्राचे, हेच कळत नाही. साठीच्या पुढचे मात्र एकदम हळवे होतात. कोणाच्या मामाकडे ती होती, कोणाच्या डॉक्टरांकडे होती, कोणी तीत बसून लग्नाच्या मांडवात उतरलेले असते. मग आठवणी संपल्या की हटकून एक प्रश्न येतो, “अजून चालते?”

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कधी कधी’ असे आहे. पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, समोर ते देण्याची सोय नाही. अण्णांनी ही मोटार १९७४ साली देवळालीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर सहा वर्षांनी मी या घरात आले. त्यामुळे ज्येष्ठत्वाचा मान तिचा, आणि तो तिने कधी सोडलेला नाही.

ज्या काळी ती जन्मली त्या काळी आपल्याकडे मोटारी मुख्यतः तीन गावांच्या. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, मुंबईच्या कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. अँबॅसडर मंत्र्यांची आणि मामलेदारांची, फियाट डॉक्टर-वकिलांची. हेरल्ड आपल्याकडे १९६१ साली आली ती, मला वाटते, ज्यांना मनातून वेगळीच मोटार हवी होती अशा माणसांसाठी. हे मी उगाच म्हणत नाही. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेरल्ड काढली, तिचे रूप मिकेलॉत्ती नावाच्या एका इटालियन कलावंताने रेखाटले. मग तिचाच सांगाडा थोडा आखडून १९६२ साली त्याच कंपनीने ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तीही मिकेलॉत्तीच्याच हातची. म्हणजे नात्याने आमची हेरल्ड स्पिटफायरची थोरली बहीण झाली. धाकटी वाऱ्यावर केस उडवीत शर्यतीत गेली. थोरली मद्रासला आली आणि संसाराला लागली. पण दोघींची हाडे एक, म्हणून दुखणीही एकच. विलायतेत म्हाताऱ्या स्पिटफायरला ज्या तक्रारी होतात, नेमक्या त्याच नाशकात आमच्या अंगणात होतात.

या मोटारीचे एक सुख मात्र मानले पाहिजे. तिचे बॉनेट म्हणजे नुसते झाकण नव्हे. पुढचे दिवे, दोन्ही मडगार्डे, सगळे तोंडच्या तोंड पुढे कलंडते आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडते. मेस्त्री पुढच्या टायरवर ऐसपैस बसून काम करू शकतो. आमचे चाचा तसेच बसतात. द्वारकेच्या पलीकडे एका गल्लीत त्यांचे गॅरेज आहे. सत्तरी ओलांडलेले, कानाला थोडे जड, पण इंजिनाचा आवाज तेवढा त्यांना बरोबर ऐकू येतो. माणसांचा ऐकू येत नाही असे ते म्हणतात. मला शंका आहे की ते सोयीने ठरवतात.

मी मराठी शिकवते. ‘निदान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत हे वर्गात दर वर्षी सांगते. एक रोगाचे कारण शोधणे, आणि दुसरा ‘कमीत कमी’. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात याचा उलगडा मला चाचांच्या गॅरेजात झाला. चाचांचे निदान म्हणजे कमीत कमी उघडणे, कमीत कमी बदलणे.

त्याची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही त्र्यंबकला निघालो. सातपूर मागे टाकले, महिरावणीच्या पुढे गेलो आणि गाडीने मान टाकली. अण्णांनी ताबडतोब निर्णय दिला, “व्हेपर लॉक.” उन्हाळ्यात पेट्रोलची नळी तापते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला पेट्रोलऐवजी वाफ ओढावी लागते, तो हा आजार. कसारा घाटात एकेकाळी मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बॉनेटे उघडून उभ्या असलेल्या मोटारींची रांगच लागायची, आणि प्रत्येक पंपावर एक ओले फडके असायचे. अण्णांनीही आपला पंचा भिजवून एसी पंपावर ठेवला. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. अंजनेरीपाशी पुन्हा बंद. पुन्हा पंचा, पुन्हा अर्धा तास. त्र्यंबकराजाचे दर्शन आम्हाला त्या दिवशी फार उशिरा घडले.

पुढे महिनाभर हेच चालले. कोणी पंप बदलायला सांगितले, कोणी कॉइल. आमच्या एका परिचितांनी पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावा म्हणून सांगितले, आणि अण्णांनी ते लावलेही. आईला त्या आठवड्यात चिमटे कमी पडले.

शेवटी चाचांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. मला विचारले, “ताई, गाडी बंद कशी पडते? दिवा विझल्यासारखी, की दम लागून?”

मी म्हटले, “दम लागून. आधी गचके खाते, मग हळूहळू बंद पडते.”

“मग करंट नाही, पेट्रोल. करंट जातो तो एकदम जातो.” मग विचारले, “बंद पडल्यावर टाकीचं झाकण कधी उघडून बघितलं?”

कशाला उघडू? टाकीत पेट्रोल होते हे काटा सांगत होता.

चाचांनी शेजारी बसून गाडी फिरवायला सांगितली. वीस मिनिटांनी तिने मान टाकताच ते उतरले, मागे गेले आणि पेट्रोलचे झाकण फिरवले. ‘हुश्श’ असा लांब आवाज झाला, जणू कोणी रोखून धरलेला श्वास सोडला. गाडी लगेच सुरू झाली. ना पंचा, ना अर्धा तास.

आजार असा होता. टाकीतले पेट्रोल जसे कमी होते तशी तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला एक बारीकसे भोक असते. आमच्या झाकणाला ते नव्हते. हवा आत येईना, टाकीत पोकळी तयार व्हायची, पंप ओढून ओढून थकायचा. अर्ध्या तासात कुठून तरी फटीतून थोडी हवा शिरायची आणि गाडी चालू व्हायची. श्रेय मात्र पंचाला मिळायचे. आणि ते झाकण कोणी बसवले होते? मीच. पेट्रोल चोरीला जाते म्हणून कुलूप लावता येईल असे नवे झाकण मी मोठ्या हौसेने आणून लावले होते, फाल्गुनात.

चाचांनी त्याला बारीक भोक पाडून दिले. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “ताई, गाडी म्हातारी झाली म्हणून बिघडत नाही. मागच्या माणसानं दुरुस्त केली म्हणून बिघडते. मी पहिल्यांदा तेच विचारतो, शेवटचा हात कोणाचा लागला?”

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. जुन्या पोथ्यांचेही असेच होते. एक नकलनवीस चूक करतो, दुसरा ती आपल्या समजुतीने ‘सुधारतो’, तिसरा त्या सुधारणेवर स्वतःची ओवी चढवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली ती अशाच सद्भावनेच्या बिघाडातून ग्रंथ मोकळा करण्यासाठी, आणि यापुढे कोणी तीत आपली भर घालू नये असे बजावूनही ठेवले. चाचांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बरोबर केलं. पण ऐकलं का कोणी?”

मग मी सुट्टीच्या दिवशी गॅरेजात जाऊन बसू लागले. आईला हे मुळीच पसंत नव्हते. पदराला काळे डाग आणि वर पेट्रोलचा वास. पण मला तिथे करमू लागले. प्लग काढून चाचा ते ज्योतिषाने पत्रिका पाहावी तसे उजेडात धरून पाहतात. टोक फिकट चॉकलेटी असले तर प्रकृती उत्तम. काळी कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते आहे, चोक किंवा जेट पाहा. पांढरे फट्ट असले तर इंजिन उपाशी आणि तापलेले. तेलकट काळे असले तर रिंगा गेल्या. मग चाचा काही न बोलता चहा मागवतात, आणि मालकाने समजायचे ते समजावे. पॉइंटमधले अंतर ते पोस्टकार्डाच्या जाडीने मोजतात. फिलर गेज त्यांच्याजवळ आहे, पण तो नवशिक्या पोरांसाठी.

या घराण्याचे एक दुखणे फार घातकी आहे. क्रँकच्या मागे अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन पातळ चकत्या असतात. त्या झिजल्या की क्रँक मागेपुढे सरकू लागतो, आणि एके दिवशी चकती खाली तेलात गळून पडली की सगळा ब्लॉकच खराब. याची परीक्षा इतकी सोपी आहे की कोणीही करावी. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढे उभे राहून फॅन बेल्टची पुली पाहायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर गाडी तिथेच थांबवायची. आमची सरकत नाही. मी दर महिन्याला पाहते. क्लच आई दाबते, देवाचे नाव घेऊन.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिले नाही. २००० साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. लोकांच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच झाले, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशाच्या आधारावर टिकत, त्या आता लवकर झिजतात. त्यानंतर इथेनॉल आले. २०२५ पर्यंत त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. उसाच्या पट्ट्यातली आपण माणसे, इथेनॉलबद्दल वाईट बोलायचे म्हणजे घरातच भांडण. पण ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, चिकट होतात. पंपातला पडदा तडकतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय हे सांगायला नकोच. चाचांनी पहिल्याच भेटीत सगळ्या नळ्या बदलायला लावल्या. एवढी एकच गोष्ट त्यांनी बिघडण्यापूर्वी बदलली.

असो. खरी गोष्ट सांगायची आहे ती गेल्या वर्षीची.

भाद्रपदात मी, आई आणि माझी भाची हेरल्डने मुंबईला जाऊन आलो. परत येताना मला स्टिअरिंग जड वाटले, विशेषतः हळू वळताना. हेरल्डचे स्टिअरिंग म्हणजे तिचे भूषण. ती २५ फुटांच्या वर्तुळात वळते. रविवार कारंज्यावर दुसऱ्या मोटारी तीनदा मागेपुढे करतात तिथे ही एका फटक्यात फिरते. ती जड झाली म्हणजे काहीतरी झाले. अण्णा म्हणाले, “ग्रीसिंग राहिलं असेल. दसऱ्याला करू.”

दसऱ्याचे ग्रीसिंग हा आमच्या घरचा कुळाचार आहे. सकाळी मोटार धुवायची, मग अण्णा पाठीवर झोपून ग्रीसगन घेऊन तिच्या खाली जाणार, प्रत्येक निपलात ग्रीस भरणार, ते दुसऱ्या बाजूने डोकावले की समाधानाने ‘हं’ म्हणणार. त्यानंतर हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. एरवी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच विधी, फक्त माळ नसते. अण्णा आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. हल्ली पोराला खाली पाठवतात आणि स्वतः खुर्चीवर बसून ‘हं’ म्हणतात. पण पन्नास वर्षांत एक दसरा चुकलेला नाही.

मी दसऱ्याची वाट न पाहता गाडी चाचांकडे नेली. त्यांनी पुढचे चाक जॅकवर उचलले, वर-खाली धरून हलवले आणि त्यांचा चेहरा बदलला. मग चाक काढले, सांधा सोडवला आणि एक भाग पुसून माझ्या हातात दिला.

हेरल्डच्या पुढच्या चाकाला धरणारा जो उभा दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. ते टोक ब्राँझच्या एका डबीत फिरते. तिला ट्रनियन म्हणतात. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा दांडा त्या डबीत आट्यांवरून फिरतो, आणि गाडीचे त्या बाजूचे ओझे सारे तिथे पेललेले असते. हीच रचना स्पिटफायरला, आणि लोटस कंपनीने आपल्या एलान या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारसाठीही हीच उचलली. रचना चांगली आहे, मात्र तिची एक अट आहे. त्या डबीत तेल हवे, गियरबॉक्सला घालतात तसले दाट तेल. ते आट्याआट्यांतून खालपर्यंत उतरते. ग्रीस उतरत नाही. ते वरच बसते, वाळते, घट्ट होते, आणि नव्या ग्रीसला वाट देत नाही. खालचे आटे कोरडे राहतात. पावसाचे पाणी शिरते, गंज धरतो, पोलाद आतून बारीक होत जाते. आणि मग एखाद्या दिवशी, बहुधा वळताना, दांडा तुटतो आणि चाक पोटाखाली दुमडते.

माझ्या हातातल्या दांड्याला खालच्या आट्यांपाशी गंजाचे खळगे होते, आणि एका खळग्यातून केसाएवढी बारीक चीर निघाली होती. मी नखाने पाहिली. नख अडकले.

“कसारा घाट चढून आलात ना?” चाचांनी विचारले.

मी मान हलवली. भाची मागच्या सीटवर झोपलेली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.

डबीत बोट घालून चाचांनी आतले ग्रीस काढले. जुने, काळे, मेणासारखे घट्ट. त्याच्यावर थोडे नवे, पिवळसर. वर्षानुवर्षांचे दसरे एकावर एक बसले होते.

नवे ट्रनियन आणि दांडे इंग्लंडहून मागवावे लागले. स्पिटफायरच्या हौशी मालकांमुळे ते अजून तिथे बनतात. धाकट्या बहिणीने थोरलीला एवढा हात दिला. उजव्या आणि डाव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत, म्हणून दोन्ही बाजू मागवल्या. पैसे बरेच गेले. त्याचे मला काही वाटले नाही. वाटत होते ते हे, की अण्णांना कसे सांगायचे?

ज्या हाताने पन्नास वर्षे तिला जपले त्याच हाताने तिचा पाय कमजोर झाला, हे ऐंशीच्या माणसाला सांगावे का? आमचे एक सहकारी म्हणाले की सांगूच नका, गाडीही विका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, तो घेऊन ती प्रदर्शनापुरती ठेवा, असेही एकाने सुचवले. त्या क्रमांकाची मोटार रोजच्या कामाला वापरता येत नाही. अण्णांनी मागेच या गोष्टीला नकार दिला होता, “मोटार आहे ती. देव्हाऱ्यात बसवायची नाही मला.” पण न सांगून चालणार नव्हते, कारण ग्रीसगन अण्णांच्या कपाटात होती आणि दसरा जवळ आला होता.

चाचा म्हणाले, “ताई, मी बोलतो.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते स्वतः गाडी घेऊन आले. चहा झाला. मग ते अण्णांना म्हणाले, “साहेब, नवीन सामान आणलंय विलायतेहून. याला ग्रीस चालत नाही. नव्या मालाची पद्धत वेगळी. आता तेल घालायचं.”

खोटे इतके नाजूकपणे बोलता येते हे मला माहीत नव्हते. अण्णांनी चाचांकडे पाहिले, मग माझ्याकडे. उठले, आत गेले आणि गाडीचे जुने इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन आले. डॉक्टरांच्या वेळचे, कडा कुरतडलेले. एक पान उघडून त्यांनी ते चाचांपुढे धरले. तेल-ग्रीसच्या तक्त्यात ट्रनियनची ओळ होती, आणि तिच्याखाली पेन्सिलीची रेघ. रेघ अण्णांचीच होती. ती ते नेहमी फूटपट्टी लावून मारतात.

“जुन्या मालालाही तेलच होतं, उस्ताद,” अण्णा म्हणाले. “मला ठाऊक होतं.”

“मग अण्णा,” मी न राहवून विचारले, “तुम्ही ग्रीस का घालत होता?”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “तेल गळतं. पहिल्या वर्षी घातलं होतं. दिवाळीत दारात डाग पडले. तुझी आई तिथं रांगोळी काढते.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झेंडूची फुले होती, ती तिने तशीच धरून ठेवली. नव्या घरात आल्यावर शहाबादी फरशीवर पडलेल्या त्या डागांवरून आपण काही बोललो होतो, हे तिला आठवतही नव्हते. “अहो,” ती म्हणाली, “एकदा सांगायचं तरी. मी तुळशीपाशी काढली असती.”

अण्णांनी तिला उत्तर दिले नाही. पुस्तक मिटले, चष्मा काढून पुसला आणि चाचांना विचारले, “तेल किती घालायचं?”

“खालून गळायला लागेपर्यंत, साहेब.”